घटक ६ : रानवाटेवरची मराठी – वनमार्गदर्शकाचा भाषाव्यवहार

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –
• 'प्रयुक्ती' ही संकल्पना एका प्रत्यक्ष व्यवसायाच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• वाहनातील वनसफर आणि पायी वनभ्रमंती या दोन प्रसंगांतील भाषेचा फरक सांगता येईल.
• पाहिलेले, अनुमानलेले आणि ऐकलेले वेगळे दाखवणारी मराठी क्रियारूपे ओळखता येतील.
• वन्यप्राण्याविषयीची माहिती नेमक्या व जबाबदार भाषेत लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, न्यायालयातील मराठी, बाजारपेठेतील मराठी आणि कीर्तनातील मराठी एकच असूनही एकसारखी नसते, हे आपण अनुभवाने जाणता. विशिष्ट कामाच्या आणि विशिष्ट प्रसंगाच्या गरजेतून भाषेला जे रूप येते, त्यास 'प्रयुक्ती' असे म्हणतात. प्रयुक्ती म्हणजे केवळ पारिभाषिक शब्दांची यादी नव्हे. कोणते क्रियारूप निवडायचे, वाक्य किती लांब ठेवायचे, कोणते विधान ठामपणे करायचे आणि कोणते राखून करायचे, हे सारे प्रयुक्तीत येते.

या घटकात आपण वनमार्गदर्शकाची, म्हणजे पर्यटकांना अभयारण्यात नेणाऱ्या वाटाड्याची, प्रयुक्ती अभ्यासणार आहोत. ही निवड दोन कारणांनी केली आहे. पहिले कारण व्यावहारिक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पासारख्या ठिकाणी आसपासच्या गावांतील अनेक तरुण-तरुणी मार्गदर्शक म्हणून काम करतात. बोलणे हे त्यांचे उपजीविकेचे साधन आहे. दुसरे कारण भाषाशास्त्रीय आहे. या वक्त्याचे विधान लगेच कसाला लागते. 'इथून पुढे धोका नाही' हे वाक्य चुकले, तर त्याची किंमत श्रोत्याला चुकवावी लागते. विधान आणि त्याचा पुरावा यांचे नाते इतके उघडे पडणारे व्यवसाय थोडे आहेत.

आपला जिल्हाही या विषयापासून दूर नाही. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर आहे. अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक पक्षी अभयारण्याचा काही भाग आपल्या जिल्ह्यात येतो. आपल्यापैकी काहींनी यांतले एकही ठिकाण पाहिले नसेल. परंतु राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर परिसरातील विद्यार्थ्यांनी उसाच्या बांधावर बिबट्याचा ठसा पाहिलेला असण्याचा संभव बराच आहे. म्हणून रानातून सुरू होणारा हा अभ्यास शेवटी आपण उसाच्या फडापर्यंत आणणार आहोत.

६.२ 'सफर' आणि 'सफारी' : एका शब्दाचे दोन मार्ग

प्रथम या व्यवसायाच्या नावाचाच विचार करू. प्रवास या अर्थाचा 'सफर' हा मूळ अरबी शब्द. तो फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आला आणि मराठीत रुळला. 'मुसाफिर' हा त्याच धातूपासून झालेला शब्दही आपण घेतला. हाच अरबी शब्द समुद्रमार्गाने आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला आणि स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला. स्वाहिलीत आजही 'सफारी' म्हणजे कोणताही प्रवास; त्यात सिंह दिसलाच पाहिजे असे नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने तो शब्द उचलला, त्याला प्रथम शिकारीच्या मोहिमेचा आणि पुढे वन्यप्राणी पाहण्याच्या सहलीचा अर्थ दिला, आणि इंग्रजीकडून तो मराठीत आला. अशा रीतीने एकच शब्द आपल्या भाषेत दोन दारांनी शिरला आहे. आपण जीवनाची 'सफर' म्हणतो, पण ताडोब्याची 'सफारी'. मूळ एक असूनही अर्थाची वाटणी झाली, म्हणून दोन्ही रूपे टिकली.

'पगमार्क' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. ताडोब्याचा मराठी मार्गदर्शक सर्रास 'पगमार्क' म्हणतो आणि तो इंग्रजी शब्द समजला जातो. पण त्यातील पहिला भाग भारतीय भाषांतील 'पग' म्हणजे पाऊल याच शब्दावरून इंग्रजीत गेला, असे मानले जाते. आपलेच पाऊल परदेशी जोडा घालून परत आले, इतकेच.

या क्षेत्रात इंग्रजी शब्द पुष्कळ आहेत : गेट, झोन, कोअर, बफर, सायटिंग, कॉल. पण जुनी मराठी संपत्तीही मोठी आहे. माग काढणे, मागोवा घेणे, सुगावा लागणे, चाहूल लागणे, कानोसा घेणे, दबा धरणे, टप्प्यात येणे, रान उठवणे हे शब्दप्रयोग पाहा. आज ते वृत्तपत्रात, कार्यालयात, राजकारणात वापरले जातात. पण त्यांचा शब्दशः अर्थ लावायला गेलो, तर आपण थेट रानात जाऊन उभे राहतो. 'एखाद्या प्रश्नावर रान उठवणे' म्हणताना हाका घालून जनावरे उठवण्याची जुनी रीत आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. तरी तिची आठवण भाषेने जपलेली आहे.

शिकार थांबली तरी शिकाऱ्याचे शब्द मागे राहतात, याचे आफ्रिकेतील उदाहरण म्हणजे 'बिग फाइव्ह'. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रानरेडा हे पाच प्राणी पायी शिकार करण्यास सर्वांत धोकादायक, म्हणून शिकाऱ्यांनी त्यांना हे नाव दिले. आज पर्यटक त्यांची केवळ छायाचित्रे घेतात. नाव मात्र तेच आहे.

आपली प्रगती तपासा – १
(अ) 'सफर' व 'सफारी' हे शब्द मराठीत कोणकोणत्या भाषांमार्गे आले?
(आ) 'रान उठवणे' याचा शब्दशः आणि लाक्षणिक अर्थ लिहा.

६.३ दोन प्रसंग : वाहन आणि पायवाट

मार्गदर्शकाचे काम मुख्यतः दोन प्रसंगी घडते. ताडोब्यासारख्या व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पर्यटक उघड्या जिप्सीतून जातात, सोबत मार्गदर्शक असणे बंधनकारक असते आणि वाहनातून खाली उतरण्यास मनाई असते. याउलट आफ्रिकेतील काही अभयारण्यांत पायी भ्रमंतीची रीत रुजलेली आहे. झांबियातील लुआंग्वा खोऱ्यात नॉर्मन कार यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास पर्यटकांसाठी अशा पायी सफरी सुरू केल्या. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९७८ पासून पायवाटांवरील भ्रमंती चालते; तेथे जास्तीत जास्त आठ पाहुणे दोन सशस्त्र मार्गदर्शकांच्या मागे एका ओळीत चालतात.

या दोन प्रसंगांत भाषा कशी बदलते?

वाहनात बसलेला श्रोता तुलनेने सुरक्षित असतो आणि मध्ये बराच रिकामा वेळ असतो. त्यामुळे निवेदन विस्तृत होते. झाडांची नावे, प्राण्यांच्या सवयी, तळ्याची दंतकथा या सर्वांना त्यात जागा मिळते. वाक्ये पूर्ण असतात, 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे' अशी उभयान्वयी अव्यये येतात.

पायवाटेवर श्रोता स्वतःच रानाचा भाग होतो. तेथे निवेदन आटते. वाक्य एका क्रियापदापर्यंत येते : 'थांबा.' 'बसा.' 'मागे या.' कित्येकदा तेही उरत नाही. वर उचललेला हात पुरतो. म्हणजे मार्गदर्शक एकच, विषय एकच, श्रोतेही तेच. पण प्रसंग बदलताच प्रयुक्ती बदलते.

येथे आदरार्थाचा प्रश्न लक्षात घेण्याजोगा आहे. सभ्य मराठीत वडीलधाऱ्या पाहुण्याला आपण 'जरा थांबता का?' किंवा 'थोडं थांबावं' असे म्हणतो. पायवाटेवर असे म्हणणे घातक ठरते, कारण प्रश्नार्थी रूपाला श्रोता उत्तर देऊ लागतो आणि विध्यर्थी रूपात त्याला सवड दिल्यासारखे वाटते. तेथे 'थांबा' हे नुसते आज्ञार्थी रूपच योग्य. ते उद्धट वाटू नये म्हणून अनुभवी मार्गदर्शक चालण्यापूर्वीच सांगून ठेवतो : 'वाटेत मी तुम्हाला एका शब्दात सांगेन, राग मानू नका.' नम्रता अशी आधीच देऊन ठेवलेली असते, त्यामुळे ऐन वेळी ती खर्च करावी लागत नाही.

नकारार्थी सूचनेचेही तसेच आहे. 'पळू नका' हे ऐकताना घाबरलेल्या माणसाच्या कानावर पहिल्यांदा 'पळू' हेच येते, कारण मराठीत 'नका' क्रियापदानंतर येते. म्हणून 'जागेवर उभे राहा' ही होकारार्थी सूचना अधिक उपयोगी. मराठीच्या पदक्रमाशी निगडित असलेली ही बाब सूचनाफलक लिहिणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावी.

६.४ मार्गदर्शकाची चार प्रमाणे

आता आपण या घटकाच्या गाभ्याकडे येऊ. मार्गदर्शक जे सांगतो, ते त्याला कशावरून कळते? आपल्या न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. रानातील बोलणे समजून घेण्यास ही चौकट फार उपयोगी पडते.

प्रत्यक्ष : जे डोळ्यांनी दिसते, कानांनी ऐकू येते. 'पाणवठ्यावर वाघीण बसली आहे.'

अनुमान : खुणेवरून काढलेला निष्कर्ष. न्यायदर्शनात धुरावरून अग्नीचे अनुमान हे प्रसिद्ध उदाहरण. रानात धुराची जागा ठसा घेतो. मऊ मातीतील ठशात चार बोटे आणि मागे तीन वळणांची गादी दिसते. मांजरकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून ठशात नखे सहसा उमटत नाहीत. कुत्रा, लांडगा, तरस यांच्या ठशांत ती दिसतात. पुढे वेळेचे अनुमान. जिप्सीच्या चाकाच्या खुणेवर ठसा उमटला असेल, तर जनावर वाहनानंतर गेले. ठशावरून चाक गेले असेल, तर जनावर आधी गेले. वाहन किती वाजता गेले हे ठाऊक असले, म्हणजे जनावराच्या जाण्याची वेळही सांगता येते.

आवाजांवरूनही अनुमान होते. वाघ-बिबट्याची चाहूल लागताच चितळ, सांबर, भेकर, वानर धोक्याची हाक देतात. त्या सर्व हाकांचे वजन सारखे नसते. चितळ लहानशा शंकेनेही ओरडते. सांबराच्या खोल, तुटक हाकेला वाटाडे अधिक किंमत देतात. झाडाच्या शेंड्यावरील वानराला दूरचे दिसते. साक्षीदार किती विश्वासाचा, याचा हा विचार आहे.

उपमान : ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी वस्तूची ओळख. या प्रमाणासाठी न्यायपरंपरेने दिलेले उदाहरण मुळात वनमार्गदर्शनाचेच आहे. नगरात राहणाऱ्या माणसाने 'गवय' हा प्राणी पाहिलेला नाही. रानात राहणारा त्याला सांगतो की गवय गायीसारखा असतो. पुढे तो नागरिक रानात जातो, गायीसारखे जनावर पाहतो आणि हाच गवय असे ओळखतो. रानातला माणूस आणि शहरातला माणूस यांतील हा संवाद आजही प्रत्येक सफरीत घडतो. 'खोकड म्हणजे कोल्ह्यासारखं, पण अंगानं लहान आणि शेपटीचं टोक काळं', असे मार्गदर्शक सांगतो तेव्हा तो उपमानच वापरत असतो. चांगली उपमा श्रोत्याच्या जगातून घेतली जाते. म्हणून शेतकरी पाहुण्याला आणि मुंबईच्या पाहुण्याला उपमा वेगळी द्यावी लागते.

शब्द : विश्वासू माणसाचे सांगणे. ताडोबा हे नाव तारू नावाच्या पुरुषावरून आले, त्याची वाघाशी झुंज झाली आणि लोक त्याला देव मानू लागले, ही कथा मार्गदर्शक सांगतो. ती त्याने पाहिलेली नाही. परंपरेने ऐकलेली आहे. ऐकलेले ऐकलेले म्हणूनच सांगितले, तर कथेचा मान राहतो आणि माहितीचाही.

६.५ प्रमाण आणि क्रियारूप

ज्ञान कोणत्या मार्गाने मिळाले हे दाखवण्यासाठी जगातील काही भाषांत क्रियापदाला स्वतंत्र प्रत्यय सक्तीने लावावे लागतात. मराठीत तशी सक्ती नाही. पण साधने भरपूर आहेत. पुढील वाक्ये मोठ्याने वाचा :

१. वाघ या वाटेने गेला.
२. वाघ या वाटेने गेला आहे.
३. वाघ या वाटेने गेला असणार.
४. वाघ या वाटेने गेला असावा.
५. वाघ या वाटेने गेला असेल.
६. वाघ या वाटेने गेला म्हणे.

पहिले वाक्य घटना सांगते. श्रोता समजतो की बोलणाऱ्याने ती पाहिली किंवा तिच्याविषयी त्याला शंका नाही. दुसऱ्या वाक्यातील 'गेला आहे' घटनेचा परिणाम समोर असल्याचे सुचवते : ठसा दिसतो आहे. तिसऱ्यातील 'असणार' म्हणजे जवळजवळ खात्री. चौथ्यातील 'असावा' हे विध्यर्थी रूप. विध्यर्थाचा एक अर्थ तर्क आहे, हे आपण शालेय व्याकरणात शिकलो. येथे तो तर्क खुणेवर उभा आहे. पाचव्यातील 'असेल' हा केवळ संभव. त्याला खुणेचा आधार असेलच असे नाही. सहाव्यात 'म्हणे' या एका शब्दाने बोलणारा विधानाची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवतो.

'असावा' आणि 'असेल' यांतील अंतर बोलण्यात पुष्कळदा पुसट होते. पण ताजा ठसा पाहून 'गेला असावा' म्हणणारा मार्गदर्शक आणि काहीच न पाहता 'असेल इथंच कुठंतरी' म्हणणारा मार्गदर्शक यांचे काम सारखे नाही. पर्यटकाने पैसे मोजलेले असतात, त्याला वाघ हवा असतो. अशा वेळी 'असेल'ला 'असणार' करण्याचा मोह होतो. तो आवरणे ही या व्यवसायाची सचोटी आहे, आणि ती क्रियापदात दिसते.

लिंगव्यवस्थेचाही येथे सुंदर उपयोग होतो. ठसा अपुरा असेल तर जाणता वाटाड्या 'वाघ' किंवा 'वाघीण' न म्हणता 'जनावर' म्हणतो : 'जनावर खाली उतरलंय.' मराठीतील नपुंसकलिंग येथे 'मला अजून ठाऊक नाही' हे प्रामाणिकपणे सांगण्याचे साधन होते. 'वाघरू' हा शब्दही असाच. याच 'जनावर' शब्दाला दुसरी छटाही आहे. रात्री सापाचे नाव घेऊ नये म्हणून आपल्याकडे 'लांब जनावर' म्हणतात. अकोले तालुक्यातील आदिवासी गावांत वाघबारशीला वाघोबाची पूजा होते, आणि 'वाघोबा' या नावात भीतीइतकाच आदर असतो. वनखात्याच्या नोंदीत मात्र तोच प्राणी क्रमांकाने ओळखला जातो : ताडोब्यातील 'माया' ही प्रसिद्ध वाघीण कागदोपत्री 'टी-१२' होती. देवाचे नाव, लाडाचे नाव आणि क्रमांक ही एकाच प्राण्याकडे पाहणारी तीन भाषिक रूपे आहेत.

आपली प्रगती तपासा – २
(अ) 'कोल्हा बांधावरून गेला असावा' आणि 'कोल्हा बांधावरून गेला म्हणे' या वाक्यांतील प्रमाणे कोणती?
(आ) पायवाटेवर 'पळू नका' याऐवजी कोणती सूचना योग्य? का?

६.६ नमुना निवेदन : रेहेकुरीचा माळ

वरील विवेचन एका काल्पनिक नमुन्यावर तपासून पाहू. रेहेकुरीच्या माळावर गवत, हिवर, बाभूळ, बोरी अशी काटेरी झाडे आहेत. मार्गदर्शक चार पाहुण्यांना घेऊन पायी निघाला आहे.

(१) 'मंडळी, इथून पुढं आवाज कमी. माझ्या मागं एका ओळीत या.'
(२) 'हिवराच्या डावीकडं काळं दिसतंय तो नर. पीळदार शिंगं नराला. शेजारच्या फिकट तपकिरी त्या माद्या.'
(३) 'हा लेंड्यांचा ढीग बघा. नर एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. ही त्याची हद्द असावी.'
(४) 'वरच्या लेंड्या ओल्या आहेत. तो नुकताच इथं येऊन गेला आहे.'
(५) 'टिटवी ओरडतेय. काहीतरी हललं असेल. कुत्रं असेल, लांडगा असेल, नाहीतर आपल्यालाच बघून ओरडत असेल.'
(६) 'पूर्वी या भागात माळढोक दिसायचे, असं जुनी माणसं सांगतात.'
(७) 'लांडगा दिसेल का, ते मी सांगू शकत नाही. दिसला तर दाखवीन.'

पहिल्या विधानात आज्ञार्थ आहे. दुसऱ्यात प्रत्यक्ष आहे. 'डावीकडं' या शब्दाने श्रोत्याची नजर वळवली आहे. तिसऱ्यात आधी प्राण्याच्या सवयीचा सर्वसामान्य नियम, मग खूण, मग 'असावी' हा तर्क, असा अनुमानाचा क्रम आहे. चौथ्यात ओलेपणा हा पुरावा समोर आहे, म्हणून 'आहे'. पाचव्यात आधार दुबळा आहे, म्हणून तीन पर्याय आणि प्रत्येकाला 'असेल'. सहाव्यात शब्दप्रमाण. सातवे वाक्य सर्वांत साधे. पण वचन न देण्याचे धैर्य त्यात आहे. पाहुण्याला लांडगा दिसला नाही, तरी तो फसवला गेला असे त्याला वाटणार नाही. कारण माळ कसा वाचायचा हे त्याला मिळाले आहे.

६.७ उसाच्या फडातील माग

ही प्रयुक्ती केवळ पर्यटनापुरती उपयोगी आहे काय? आपल्या परिसरासाठी तरी नाही. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील शेतीप्रदेशात केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाट मनुष्यवस्तीच्या त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे सरासरी सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे त्यात आढळले. म्हणजे बिबट्या प्रत्येक वेळी जंगलातून 'आलेला' नसतो. तो उसात राहत असतो, मादी तेथेच पिल्ले देते आणि तोडणी आली की ती पिल्ले उघडी पडतात. मुळा धरणाच्या पाण्यावर ऊस वाढलेल्या राहुरी तालुक्यालाही हे नवे नाही.

या पार्श्वभूमीवर 'गावात बिबट्या घुसला' हे वृत्तपत्रीय वाक्य तपासा. 'घुसला' या क्रियापदात एक गृहीत आहे : त्याची जागा दुसरीकडे होती आणि त्याने हद्द ओलांडली. 'दिसला' म्हटले, तर हे गृहीत गळून पडते. 'नरभक्षक' हे विशेषणही पुरावा नसताना लावले जाते. भीती खरी असते, जीवही गेलेले असतात. म्हणूनच शब्द नेमके हवेत.

आता गावच्या समूहावर फिरणारा एक संदेश घेऊ : 'आपल्या शिवारात वाघ आला आहे, सोबत दोन पिल्लं आहेत, सर्वांना कळवा.' त्यात काय पाहिले, कोणी पाहिले, केव्हा पाहिले, काहीच नाही. वाघ आणि बिबट्या यांचीही गल्लत आहे. तोच संदेश मार्गदर्शकाच्या शिस्तीने असा लिहिता येईल :

'आज सकाळी सात वाजता ओढ्यालगतच्या उसाच्या बांधावर ओल्या मातीत चार बोटांचे, नखे न उमटलेले ठसे पाहिले. ठसे उसाकडे गेले आहेत. काल रात्री पाणी दिल्यानंतर ते उमटले असावेत. बिबट्या असावा. पिल्ले असल्याचे एका शेजाऱ्याने सांगितले. मी पाहिलेली नाहीत. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवले आहे. मुलांना त्या बांधाने एकटे पाठवू नये.'

दुसरा संदेश लांब आहे. पण त्यावर कृती करता येते. वनरक्षकाला कोठे पाहायचे ते कळते. रात्रीच्या विजेवर दारे धरायला जाणाऱ्याला कोणता बांध टाळायचा ते कळते. पिल्ले खरोखर असतील, तर ती आईपासून न तोडता तेथेच ठेवण्याची व्यवस्था वनविभागाला वेळेत करता येते. पहिल्या संदेशाने मात्र गर्दी जमते, आणि गर्दीने घेरलेले जनावर माणसांवर चालून येते. अफवा आणि माहिती यांतील अंतर पुष्कळदा 'आहे', 'असावा' आणि 'म्हणे' यांच्या योग्य वापराइतकेच असते.

६.८ सारांश

वनमार्गदर्शकाची भाषा ही मराठीची एक जिवंत प्रयुक्ती आहे. तिच्यात परके शब्द आहेत, तसे माग, चाहूल, कानोसा हे जुने धनही आहे. वाहनात ती निवेदनाचे रूप घेते, पायवाटेवर आज्ञेचे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द या चार प्रमाणांना मराठी क्रियारूपे, नपुंसकलिंग आणि 'म्हणे'सारखे शब्द वेगवेगळे ठेवू शकतात. ते तसे ठेवणे ही वक्त्याची जबाबदारी असते. व्याकरणाची ही जाण रानात जितकी उपयोगी, तितकीच शिवारातही.

६.९ 'आपली प्रगती तपासा'ची उत्तरे

१. (अ) 'सफर' अरबीतून फारसीमार्गे. 'सफारी' अरबीतून स्वाहिली व इंग्रजीमार्गे. (आ) शब्दशः : हाका घालून रानातील जनावरे उठवणे, लाक्षणिक : एखाद्या प्रश्नावर सर्वत्र खळबळ माजवणे.
२. (अ) अनुक्रमे अनुमान आणि शब्द. (आ) 'जागेवर उभे राहा'. कारण मराठीत नकार क्रियापदानंतर येतो आणि घाबरलेला श्रोता आधी क्रियापदच ऐकतो.

६.१० स्वाध्याय

१. 'प्रयुक्ती म्हणजे केवळ शब्दसंग्रह नव्हे' हे विधान वनमार्गदर्शकाच्या भाषेच्या आधारे स्पष्ट करा. (३०० शब्द)
२. 'असणार', 'असावा', 'असेल' या रूपांतील अर्थभेद आपल्या व्यवसायातील प्रत्येकी दोन उदाहरणांनी दाखवा.
३. वृत्तपत्रांतील बिबट्याविषयीचे पाच मथळे गोळा करा. त्यांतील क्रियापदे कोणती गृहीते धरतात, ते लिहा आणि प्रत्येक मथळा नव्याने लिहा.

६.११ क्षेत्रकार्य

आपल्या गावातील मेंढपाळ, ऊसतोड कामगार, वनमजूर किंवा जुने जाणते शेतकरी यांपैकी एका व्यक्तीशी बोला. प्राण्यांचे ठसे, आवाज आणि सवयी यांविषयी ती व्यक्ती वापरत असलेले किमान पंधरा शब्द व दहा वाक्ये तिच्याच बोलीत, उच्चाराप्रमाणे लिहून घ्या. प्रत्येक वाक्यासमोर त्याचे प्रमाण नोंदवा. शब्द प्रमाण मराठीत 'सुधारून' घेऊ नका. बोलीतील रूप हीच आपली सामग्री आहे. माहिती देणाऱ्याची परवानगी घ्या आणि नोंदी पूर्ण झाल्यावर त्या त्यांना वाचून दाखवा. चुकलेले तेच दुरुस्त करतील, कारण या विषयात जाणकार ते आहेत.